एक फिर्याद, तीन गोळ्या आणि नववीचा वाचनाचा तास

खडूची_भुकटी

नववीच्या मुलांपुढे अपठित उतारा ठेवला की ती काय करतात, हे शिकवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. आधी खालचे प्रश्न वाचायचे, प्रश्नातला ठळक शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि सापडला की आजूबाजूचं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. कृतिपत्रिकेत गुण पडतात, घरचेही खूश. उतारा मात्र कुणीच वाचलेला नसतो.

यंदा मी पाठ्यपुस्तकाबाहेरचं एक पान घेतलं. गांधीजींच्या खुनाची पोलिसांत नोंदवलेली फिर्याद. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीच्या तुघलक रोड ठाण्यात ती उर्दूत लिहिली गेली. फिर्यादी नंदलाल मेहता स्वतः बिर्ला हाऊसवर हजर होते. जेमतेम पानभराचा मजकूर आहे. इंग्रजी भाषांतर मिळतं, त्यावरून मी साधं मराठी करून घेतलं.

हाच विषय का, असं सहकाऱ्यांनी विचारलं. कारण शेवट सगळ्यांना माहीत आहे. कोणी मारलं, कुठे मारलं, कधी मारलं, हे पाचवीतलं पोरही सांगतं. 'पुढे काय झालं' ही ओढ नसली की धावत वाचायचं कारण उरत नाही. मग वाक्यावाक्याला थांबून एकच प्रश्न विचारता येतो: सांगणाऱ्याला हे कसं कळलं?

फिर्यादीचा गोषवारा असा. संध्याकाळी पाच-दहाच्या सुमारास महात्माजी खोलीतून प्रार्थनेच्या जागेकडे निघाले. दोन मुलींच्या खांद्यांवर हात होते. बाग ओलांडून पायऱ्या चढले. दोन्ही बाजूंना माणसं उभी, मधे जायला साधारण तीन फूट वाट. त्यांनी नेहमीप्रमाणे हात जोडले. सहा-सात पावलं गेले असतील नसतील, तेवढ्यात एक इसम जवळ आला. त्याचं नाव नारायण विनायक गोडसे, राहणार पुणे, असं फिर्यादीला मागाहून कळलं. त्याने दोन-तीन फुटांवरून पिस्तुलाच्या तीन गोळ्या झाडल्या. 'राम-राम' म्हणत महात्माजी मागे कोसळले. मारेकऱ्याला हत्यारासह जागीच धरलं. महात्माजींना बेशुद्ध अवस्थेत आत नेलं आणि तिथे ते लगेच गेले.

हो, नारायण. मुलांनी पहिला आक्षेप तिथेच घेतला. "बाई, टायपिंगमध्ये चुकलंय." म्हटलं, चुकलेलं नाही, कागदावर तसंच आहे.

मग समासात खुणा करायला सांगितल्या. फिर्यादीने स्वतः पाहिलं असेल तर 'पा', ऐकलं असेल तर 'ऐ', दुसऱ्याकडून कळलं असेल तर 'क' आणि अंदाज असेल तर 'अं'. सोपं वाटतं, पण पहिल्याच वाक्याला गाडी अडकली. पाच-दहा ही वेळ पाहिलेली की अंदाजाची? एक मुलगा म्हणाला, घड्याळ बघितलं असतं तर 'सुमारास' कशाला म्हणाला असता? अं. तीन गोळ्यांना काय लिहायचं, यावर तर अर्धा वर्ग विरुद्ध अर्धा वर्ग झाला. गोळी दिसते का? पिस्तूल दिसतं, गोळीचा आवाज येतो. शेवटी 'पा' आणि 'ऐ' दोन्ही लिहायचं ठरलं. तीन हा आकडा मात्र आवाजाचा, असं त्यांचं त्यांनीच नोंदवलं.

मला सर्वांत आवडलेला भाग नावाचा. मागच्या बाकावरचा एकजण ठासून म्हणाला, नावच चुकलंय म्हणजे सगळी फिर्याद खोटी. त्यावर एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "खोटी लिहायची असती तर नाव बरोबर विचारून नसतं का घातलं? तो घाईत सांगतोय. आणि नंतर कळलं असं स्वतःच म्हणतोय की." फिर्यादीने स्वतः कबूल केलेली सीमा तिने वाक्यात पकडली. ही मुलगी प्रश्नोत्तरांत कायम काठावर पास.

तर मंडळी, एकाच प्रसंगाचे वेगवेगळे कागद शेजारीशेजारी ठेवून वाचायला शिकवायचं, असा माझा बेत आहे. तुमच्याकडे या दिवसाबद्दलचं वर्गात वापरता येईल असं काही असेल तर टाका. आणि वध की हत्या हा वाद कृपया इथे नको. त्याला स्वतंत्र धागे आहेत, आणि त्यांची पानं मोजवत नाहीत.

मधला_बाक

कल्पना झकास. पण बाई, वास्तवात या. आमच्याकडे आठवीत जोडाक्षराला अडखळणारी मुलं आहेत. मुलांना वाचता येतं का ते तपासणाऱ्या 'असर' पाहणीचे अहवाल पुन्हा पुन्हा तेच ओरडून सांगतात. ज्याला 'प्रार्थना' हा शब्द तीन तुकड्यांत वाचावा लागतो, त्याला फिर्यादीचं काय घेऊन बसलात? ही चैन हुशार तुकडीची आहे.

खडूची_भुकटी

@मधला_बाक, तुकडी मिश्र आहे. अडखळणारी मुलं माझ्याकडेही आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळा तास लागतोच. फिर्यादीने जोडाक्षरं सुधारत नाहीत, तसा माझा दावाही नाही. मी मजकूर आधी मोठ्याने वाचून दाखवते, मग एकेक वाक्य. अडखळणारा मुलगा ऐकून 'पा' की 'क' हे इतरांइतकंच नीट सांगतो, कधीकधी जास्त नीट. त्याची अडचण डोळ्यांपासून शब्दापर्यंतची आहे. शब्दापासून अर्थापर्यंत तो पोचतो, आपण तिथपर्यंत त्याला विचारतच नाही. अक्षरं पक्की होईस्तोवर त्याला फक्त 'कमल नमन कर' द्यायचं का?

मधला_बाक

शेवटचं वाक्य लागलं. ठीक आहे, ऐकतोय.

शिळ्या_बातम्या

आयुष्य उपसंपादकाच्या खुर्चीत गेलं, म्हणून माझ्याकडून नेहरूंचं त्या रात्रीचं आकाशवाणीवरचं भाषण. इंग्रजीत आहे, लहान आहे, मराठी करून घ्या. सगळ्यांना पहिली दोन वाक्यं पाठ असतात, की आपल्या जीवनातला प्रकाश गेला आणि सगळीकडे अंधार आहे. पुढचं कुणी वाचत नाही. पुढे नेहरू स्वतःलाच खोडून काढतात. प्रकाश गेला असं मी म्हणालो, पण ते चुकलंच, कारण तो साधासुधा प्रकाश नव्हता. मुलांना विचारा, ज्या माणसाला आपलं पहिलं वाक्य चुकीचं वाटतं तो ते आधी बोलतोच कशाला? उत्तर आलं की वक्तृत्वाचा अर्धा धडा झाला.

पण माझा जीव अडकतो तो भाषणाच्या मधल्या भागात. तिथे कविता नाही, कामाच्या सूचना आहेत. उद्या साडेअकराला पार्थिव बिर्ला हाऊसमधून निघेल, चारच्या सुमारास यमुनेकाठी अंत्यसंस्कार. फार लोकांनी बिर्ला हाऊसवर येऊ नये, वाटेच्या दोन्ही बाजूंना उभं राहावं, शांतता राखावी. पार्थिव काही दिवस टिकवून ठेवावं अशी सूचना आली होती, पण तसं करू नये ही गांधीजींचीच इच्छा होती. उद्याचा दिवस उपवास आणि प्रार्थनेचा. आता विचारा: एवढ्या दुःखात हा माणूस वाहतुकीचं का बोलतोय? फाळणीनंतरची दिल्ली, निर्वासितांनी भरलेली, काही दिवसांपूर्वीपर्यंत दंगलीत होरपळलेली. हे ज्याला माहीत आहे त्याला प्रत्येक सूचनेमागची भीती वाचता येते.

आणखी एक. त्या भाषणात मारेकऱ्याचं नाव नाही. एका वेड्याने त्यांचा अंत केला, एवढंच. नाव नसणं हा मजकुराचाच भाग असतो, हे पोरांना एकदा कळलं की ती पेपरही वेगळा वाचायला लागतात.

याच्या उलटं उदाहरण हवं असेल तर २०१९ मध्ये ओडिशात शाळांसाठी निघालेली सरकारी पुस्तिका. गांधीजी ३० जानेवारी १९४८ ला बिर्ला हाऊसमध्ये आकस्मिक कारणांनी गेले, अशा अर्थाचा मजकूर तिच्यात होता. त्यावर मोठा गदारोळ झाला. नेहरूंनी नाव गाळलं, पण कुणीतरी मारलं हे सांगितलं. पुस्तिकेने कर्ताच गिळला. दोन्ही वाक्यं फळ्यावर वर-खाली लिहा, व्याकरणाचा तासही होऊन जाईल.

खडूची_भुकटी

काका, दंडवत. कर्ता गिळला हे उद्याच फळ्यावर.

दप्तरदार

उत्तम धागा. काही भर घालतो, लांबलं तर माफ करा.

गोळ्यांच्या आकड्याबद्दल. फिर्यादीत तीन, खटल्यातही तीन. पण अमेरिकन पत्रकार व्हिन्सेंट शीन त्या वेळी तिथेच होते, बीबीसीच्या रॉबर्ट स्टिमसन यांच्या सोबत. त्यांनी पुढे लिहिलं की आपण चार स्फोट ऐकले. चार बारके, दबके आवाज. आता मुलांना सांगा, शीन खोटं बोलत नाहीत. तुमच्या वर्गाने तीन हा आकडा आवाजाचा म्हटला ना, तोच हा मुद्दा. मोकळ्या जागेत, भिंतीजवळ, अपेक्षा नसताना कानाने मोजलेला आकडा आणि तपासानंतर मोजलेला आकडा.

शेवटच्या शब्दांबद्दल. राजघाटावर 'हे राम' कोरलेलं आहे. मनु गांधींच्या कथनात ते आहे, आणि मनु अगदी बाजूला होत्या. फिर्यादीत 'राम-राम' आहे. सचिव व्ही. कल्याणम यांच्या नावावर 'ते काही म्हणालेच नाहीत' हे वर्षानुवर्षं फिरत राहिलं. २०१८ मध्ये त्यांनी खुलासा केला, की 'म्हणाले नाहीत' असं मी म्हणालो नव्हतो, 'मला ऐकू आलं नाही' असं म्हणालो होतो. हा खुलासा तर वाचनवर्गासाठीच जन्माला आलाय. 'मला ऐकू आलं नाही' आणि 'ते बोलले नाहीत' या दोन वाक्यांतलं अंतर नववीत कळलं तर पुढे कोर्टात, दवाखान्यात, सोसायटीच्या सभेत, सगळीकडे उपयोगी पडेल.

मारेकऱ्याला कुणी पकडलं? कुठे अमेरिकी दूतावासातल्या हर्बर्ट रायनर यांचं नाव येतं, कुठे बिर्ला हाऊसचे माळी रघू नायक यांचं. गर्दीत एका माणसावर अनेक हात पडतात, प्रत्येक हाताला वाटतं पहिला आपणच. फिर्यादीत बघा, फक्त 'पकडण्यात आलं'. इथेही कर्ता नाही. पण ओडिशाच्या पुस्तिकेत कर्ता नसणं आणि इथे नसणं यात फरक आहे, तो मुलांकडून काढून घ्या.

एक सावधगिरी. जितकं उशिरा सांगितलेलं तितकं जपून वाचायचं, हेही याच प्रकरणात शिकवता येतं. ऑक्टोबर १९६४ मध्ये नथुरामचे भाऊ गोपाळ गोडसे तुरुंगातून सुटून आल्यावर नोव्हेंबरमध्ये पुण्यात एक कार्यक्रम झाला. तिथे टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी सांगितलं की नथुरामचा बेत आपल्याला आधी माहीत होता. सोळा वर्षांनी. देशभर खळबळ माजली आणि त्यातूनच पुढे न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा चौकशी आयोग आला. त्याचा अहवाल १९६९ चा. पण सगळंच उशिराचं नव्हतं. रुईया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी २० जानेवारीला बिर्ला हाऊसवर कटातल्याच मदनलाल पाहवाने स्फोट केल्यानंतर लगेच, म्हणजे खुनाच्या आधी, मुंबई प्रांताच्या सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना मदनलालने आपल्याला काय सांगितलं होतं ते कळवलं होतं. खुनाचा खटला चालवणारे न्यायाधीश आत्माचरण यांनीही १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालपत्रात २० ते ३० जानेवारीदरम्यानच्या पोलीस तपासातल्या ढिलाईवर बोट ठेवलं आहे. जैन आणि केतकर यांची विधानं शेजारी ठेवा आणि मुलांना विचारा: कोण कधी बोललं, आणि त्या वेळी बोलून त्याला काय मिळणार होतं किंवा काय गमवावं लागणार होतं?

रोखठोक_१

हे सगळं ठीक. पाकिस्तानला द्यायच्या पंचावन्न कोटींचं काय? ते शिकवणार का मुलांना? की तेवढं सोडून?

संपादक_मंडळ

रोखठोक_१, धाग्याचा विषय वाचनकौशल्य आहे. त्याला धरून लिहावे. पुढचे अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

खडूची_भुकटी

संपादक, राहू द्या. उलट हा प्रश्न वर्गात येणारच आहे, मोबाईलवर रोज फिरतो. @रोखठोक_१, शिकवणार. फक्त मी सांगणार नाही, मुलं वाचतील. @दप्तरदार, तारखा आणि कागद सुचवा.

दप्तरदार

चार कागद पुरेत.

१२ जानेवारी १९४८, सोमवार, गांधीजींचा मौनवार. उपोषणाची घोषणा करणारं भाषण त्यांनी लिहून दिलं आणि ते प्रार्थनासभेत वाचून दाखवलं गेलं. त्यात पंचावन्न कोटींचा उल्लेख नाही. उपोषण १३ ला सुरू झालं. १५ जानेवारीला सरकारने रक्कम द्यायचं जाहीर केलं, आणि त्या निवेदनात सरकारनेच आपला निर्णय गांधीजींच्या प्रयत्नाशी जोडला आहे. १८ जानेवारीला ज्यावर उपोषण सुटलं ते सात कलमी प्रतिज्ञापत्र. त्यात मेहरौलीचा उरूस, मशिदी परत करणं, सब्जी मंडी, करोल बाग, पहाडगंजमध्ये मुसलमानांना निर्धास्त फिरता येणं, असं आहे. पैशांचं कलम नाही. आणि चौथा कागद ८ नोव्हेंबर १९४८ चं नथुरामचं कोर्टातलं निवेदन, ज्यात पंचावन्न कोटी ठळकपणे येतात.

मुलांना एवढंच करायला सांगा: कोणत्या कागदात आहे, कोणत्यात नाही, आणि कागदाची तारीख. 'उपोषण पैशासाठीच होतं' म्हणणाऱ्याला १२ आणि १८ तारखेच्या कागदांना उत्तर द्यावं लागेल. 'उपोषणाचा आणि पैशांचा काडीचा संबंध नव्हता' म्हणणाऱ्याला १५ तारखेच्या कागदाला. दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड यात नापास होतात, हे या तासाचं सौंदर्य.

रोखठोक_१

१५ तारखेचं निवेदन कुठे वाचायला मिळेल?

दप्तरदार

व्यनि (खाजगी निरोप) करतो.

शिळ्या_बातम्या

ऐतिहासिक क्षण. या संस्थळावर पंचावन्न कोटींच्या वादात कुणीतरी मूळ कागद मागितला.

आई_ऑन_ड्युटी

माझा मुलगा सातवीत. शाळेने ३० जानेवारीला भित्तिपत्रक करायला सांगितलं. त्याने नेटवरून गांधीजींवर पिस्तूल रोखल्याचं कृष्णधवल चित्र उतरवून चिकटवलं आणि खाली लिहिलं 'प्रत्यक्ष छायाचित्र'. मला ते बघून कसंसंच झालं. इतक्या लहान वयात असलं दाखवावं का, हा माझा खरा प्रश्न आहे. तुम्ही लोक नववीचं बोलताय, पण प्रकल्प तर खालच्या वर्गांनाही असतात.

दप्तरदार

ते छायाचित्र नाही. फिरतं ते बहुतेक १९६३ च्या एका इंग्रजी चित्रपटातलं दृश्य असतं. गोळ्या झाडतानाचा फोटो उपलब्ध नाही. त्या दिवशीचा खरा फोटो हवा असेल तर फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांचा घ्या: रात्र, बिर्ला हाऊसचं फाटक, उंचावर उभे राहून गर्दीला बातमी सांगणारे नेहरू. रक्त नाही, पिस्तूल नाही. आणि मुलाला विचारा, खुनाच्या क्षणी समोर, इतक्या नेमक्या कोनात, कॅमेरा घेऊन कोण उभं असेल? सातवीतलं पोर हे स्वतः ओळखतं.

खडूची_भुकटी

@आई_ऑन_ड्युटी, वयाबद्दल. फिर्यादीत जखमेचं वर्णन एका ओळीचं आहे आणि मी तिथे रेंगाळत नाही. सातवीला मी नेहरूंचं भाषण घेईन, फिर्याद नाही. खून झाला हे मुलांना माहीतच असतं, फक्त त्याबद्दलचं त्यांचं सगळं ज्ञान चित्रपटातून आणि मोबाईलमधून आलेलं असतं. कोरडा सरकारी कागद त्यापेक्षा कितीतरी सौम्य.

कृष्णाकाठ

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. वाचून राहवलं नाही.

३० जानेवारीवर थांबू नका, एवढं सांगायचंय. आमचं घर सातारा भागातलं, ब्राह्मणाचं. अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीत वाडा गेला. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सगळीकडे तेच. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओही जळला. ज्यांचा खुनाशी काडीमात्र संबंध नाही अशांची घरं. आमच्या शाळेच्या पुस्तकात यावर एक ओळ नव्हती, म्हणून घरी जे सांगितलं जायचं तोच आमचा इतिहास.

तुमची पा-ऐ-क-अं ही युक्ती मी काल रात्री आमच्या घरच्या गोष्टीला लावून बघितली. आजीने स्वतः पाहिलेलं होतं, ती फार थोडं सांगायची. धूर, गोठ्यातली जनावरं कुणीतरी सोडली, शेजारच्या मराठ्यांच्या घरात आम्हाला लपवलं. बस. सगळ्यात रंगवून सांगायचे ते माझे मोठे काका. कोण पुढे होतं, कोण काय ओरडलं, कुणी रॉकेल ओतलं, नावानिशी. काकांचा जन्म १९५० चा. हे गणित मी इतकी वर्षं मांडलंच नव्हतं. काकांच्या सगळ्या वाक्यांपुढे 'क', आणि निम्म्यांपुढे 'अं'. त्यांनी सांगितलेली नावं मी मनात धरून बसलो होतो. आजीच्या तोंडी एकही नाव नव्हतं.

काका खोटं बोलत होते असं नाही म्हणत. त्यांनाही कुणीतरी सांगितलं असेल.

मधला_बाक

_/\_

शिळ्या_बातम्या

कृष्णाकाठ, लपवणारं घर आजीच्या गोष्टीत आहे. काकांच्या गोष्टीत होतं का?

कृष्णाकाठ

असायचं. शेवटी, ओझरतं.

खडूची_भुकटी

कृष्णाकाठ, परवानगी असेल तर तुमच्या आजीचं आणि काकांचं हे उदाहरण नाव-गाव न सांगता वर्गात वापरू का? प्रत्येकाच्या घरी असे एक काका असतात, आणि विषय १९४८ चाच असला पाहिजे असं नाही. मुलांना घरची एखादी गोष्ट आणून तिला खुणा करायला सांगेन.

कृष्णाकाठ

वापरा. गावाचं नाव नको.

पुरवणी_द्या

सगळ्यांचं कौतुक करून झालं असेल तर दहावीवाल्यांचा प्रश्न विचारतो. बोर्डाच्या कृतिपत्रिकेत याला गुण कुठे? आकलनाच्या कृतीत विचारतात, 'गांधीजींवर किती गोळ्या झाडल्या गेल्या?' मुलाने 'फिर्यादीनुसार तीन, शीन यांना चार ऐकू आल्या' असं लिहिलं तर तपासणारा पेन कुठे मारेल सांगा. आदर्श उत्तरात 'तीन' असतं. ही मुलं जास्त शहाणी होऊन दोन गुण कमी आणतील.

खडूची_भुकटी

@पुरवणी_द्या, कारण चुकीचं नाही तुमचं. मी त्यांना दोन्ही शिकवते. आकलनाच्या कृतीत प्रश्न उताऱ्यापुरता असतो, तिथे उताऱ्यात आहे तेवढंच, तीन, आणि पुढे चला. प्रश्न किती मागतोय हे ओळखणं हेही वाचनच. हिशेब वळता होतो तो स्वमतात. आतापर्यंत माझ्या मुलांची स्वमतं एका साच्यातली असायची: 'मला असे वाटते की हा विचार अतिशय मोलाचा आहे.' आता निदान काही वह्यांत 'लेखक हे स्वतः बघून सांगत नाही, म्हणून' अशी सुरुवात दिसते. वाक्य वेडंवाकडं असतं, पण 'म्हणून'च्या पुढे काहीतरी असतं.

पुरवणी_द्या

ठीक. पूर्वपरीक्षेनंतर विचारतो पुन्हा.

मधला_बाक

धागा वर काढतोय. बाईंची फिर्याद आमच्या आठवीत घेतली, मोठ्याने वाचून. खुणा करताना बराच गोंधळ, 'पा'च्या जागी 'प' लिहून वर 'पोलीस' असा अर्थ लावणारेही निघाले. पण एक गोष्ट सांगतो. अडखळणाऱ्यांपैकी एकाने हात वर केला. म्हणाला, सर, वाट तीन फुटांची, आणि गोळी पण दोन-तीन फुटांवरून. म्हणजे तो गर्दीतून हात लांब करून मारत नव्हता, वाटेतच येऊन उभा होता. मग पुढे म्हणाला, किंवा काठावर उभा असला तरी चालतंय, तेवढंच अंतर होतं. कुठलं, ते ह्या कागदावरून कळत नाही.

मी त्याला दुसरा कागद काय देऊ? मनु गांधींचं कथन सोप्या मराठीत कुणाकडे आहे का?

दप्तरदार

आहे. मनु सांगतात की तो गर्दीतून वाट काढत पुढे आला, पाया पडायला येतोय असं वाटून त्यांनी त्याला अडवलं आणि त्याने त्यांना ढकललं. पान टंकून रविवारपर्यंत इथेच टाकतो. तुमच्या त्या मुलाला तोवर सांगू नका.